महागडे पेट्रोल आणि साधी मोटार : फायदा कोणाचा?

कापडाच्या धंद्यातील माणसाने पेट्रोलवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आज आपल्या बांधवांपैकी ज्याचे लहानसे दुकान आहे, आठ-दहा माग आहेत किंवा फर्निचरचा कारखाना आहे, त्याच्या दारात एखादी व्हॅन किंवा जुनी मोटार उभी असतेच. मजुरी, भाडे आणि वीजबिल यांच्या खालोखाल पेट्रोलचा खर्च येतो. सुताच्या भावात किलोमागे रुपया-दोन रुपयांसाठी आम्ही दलालाशी अर्धा तास हुज्जत घालतो, आणि पंपावरच्या पोऱ्याने "शेठ, प्रीमियम टाकू?" असे विचारले की काही न बोलता मान हलवतो. लिटरमागे किती रुपये जास्त गेले, याची वहीत वेगळी नोंदही होत नाही.

हे जास्तीचे पैसे कशासाठी जातात आणि त्याने साध्या इंजिनाचे भले होते की वाईट, याविषयी बाजारात दोन अगदी उलट मते ऐकू येतात. काही लोक म्हणतात, भारी पेट्रोलने गाडी पळते, अ‍ॅव्हरेज वाढते, इंजिनाचे आयुष्य वाढते. दुसरे म्हणतात, ते पेट्रोल 'गरम' असते, साध्या इंजिनाचे व्हॉल्व्ह जाळून टाकते. आम्ही दोन्ही ऐकत आलो होतो आणि त्यातले पहिले मत खरे धरून बसलो होतो. २०२२ साली त्याची किंमत मोजली. तो किस्सा आधी सांगतो, कारण त्याच्यामुळेच या विषयाच्या मागे लागण्याची वेळ आली.

कसाऱ्याचा घाट

आमच्याकडे मालाची ने-आण करण्यासाठी एक पेट्रोलवर चालणारी व्हॅन आहे. मालेगावहून भिवंडीला किंवा मुंबईला जायचे आणि तयार कापडाची पार्सले भरून परत यायचे, हा तिचा महिन्यातून तीन-चार वेळचा रस्ता. २०२१ च्या हिवाळ्यात परतीच्या वाटेवर कसाऱ्याच्या घाटात तिचे इंजिन टकटक करू लागले. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. सपाटीवर बंद, चढ लागला की सुरू. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले, "चाचा, पेट्रोल हलके पडते आहे. ९५ वाले भरून बघा." आम्ही भरले. आवाज जवळजवळ थांबला. आम्ही खूश. तीन महिने तेच भरत राहिलो आणि आणखी चार जणांना तोच सल्ला दिला.

मार्च २०२२ मध्ये, रमजान आठ-दहा दिवसांवर आला असताना, ईदच्या मालाने भरलेली व्हॅन त्याच घाटात उभी राहिली. बॉनेटखालून वाफ निघत होती. हेड गॅस्केट उडाले होते आणि हेडही वाकले होते. माल दुसऱ्या टेम्पोत चढवून आणावा लागला. टेम्पोचे भाडे आणि दुरुस्ती मिळून पंचवीस हजारांच्या वर गेले. शिवाय हंगामाचे पाच दिवस वाया गेले, ते वेगळेच. ज्या मिस्त्रीने नाशिकला इंजिन उघडले, त्याने आम्हाला रेडिएटर दाखवला. निम्म्याहून अधिक नळ्या गाळाने बंद झाल्या होत्या. दोन वर्षे आमच्याकडे कूलंटऐवजी नळाचे पाणी टाकले जात होते. हा आमचाच हलगर्जीपणा, दुसऱ्या कोणाचा नाही.

मिस्त्रीने विचारले, "शेठ, आवाज कधीपासून होता?"

"होता, पण भारी पेट्रोल टाकल्यावर गेला."

"आवाज गेला, गरमी कुठं गेली? इंजिन ओरडून सांगत होतं, तुम्ही त्याचं तोंड बंद केलं."

तेव्हापासून आम्ही मिस्त्री लोकांना, मोटारीच्या धंद्यातल्या जाणकारांना विचारून आणि मिळेल ते वाचून या गोष्टीचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. जे हाती लागले ते आता सांगतो.

हा नंबर कशाचा?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. पिस्टन वर सरकून ते दाबतो. मग प्लगची ठिणगी पडते, ज्योत एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे पसरत जाते आणि त्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. हे सर्व क्रमाने झाले तर इंजिन गोड चालते. परंतु आतला दाब व उष्णता मर्यादेबाहेर गेली, तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात राहिलेले मिश्रण आपोआप भडकते. त्याचा तडाखा सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनवर बसतो, आणि आपल्याला टकटक ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. मागवाल्या बांधवांना हे समजायला अडचण नाही : ताण्याचे धागे पुरते उघडण्याआधीच धोटा सुटला तर काय होते, हे ते रोज पाहतात. धोटा तोच, माग तोच, जोरही तोच. फक्त वेळ चुकली.

अवेळी भडकण्याला पेट्रोल किती विरोध करते, तेवढेच ऑक्टेनचा आकडा सांगतो. ही मोजपट्टी अमेरिकेत १९२६-२७ च्या सुमारास ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने तयार केली. त्याने दोन शुद्ध द्रव घेतले. आयसो-ऑक्टेन सहजासहजी अवेळी पेटत नाही, त्याला १०० गुण दिले. नॉर्मल हेप्टेन लगेच भडकते, त्याला शून्य. एखादे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे आहे याचा अर्थ एवढाच की, ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचे मिश्रण परीक्षेच्या इंजिनात जितके टिकते, तितकेच ते टिकते. त्या पेट्रोलमध्ये ९१ टक्के ऑक्टेन असते असे नाही, आणि ते ९१ टक्के शुद्ध असते असे तर मुळीच नाही.

म्हणजे या आकड्यात ताकदीचा हिशेब नाही, शुद्धतेचाही नाही. आमच्या धंद्यातला दाखला द्यायचा तर सुताच्या नंबरचा देता येईल. ८० नंबरचे सूत २० नंबरपेक्षा बारीक असते आणि महागही असते. पण जाड चादर विणायची असेल तर तिथे ८० नंबर घातल्याने चादर चौपट टिकाऊ होत नाही. पैसे मात्र जातात. मलमल विणायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे २० नंबर चालणारच नाही. नवशिका गिऱ्हाईक मोठा नंबर ऐकून भुलतो आणि काही दुकानदार त्याला भुलू देतात. पंपावर आपण सगळेच नवशिके गिऱ्हाईक असतो.

ऑक्टेन आणि ताकद या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत याचा उत्तम दाखला म्हणजे इथेनॉल, अर्थात उसापासून किंवा धान्यापासून काढलेला अल्कोहोल. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वर, शंभराच्याही पुढे जातो. पण लिटरमागे उष्णता पाहिली तर ती पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते. मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद असती, तर असे झाले नसते.

मग मोठा आकडा लागतो कोणाला? ज्या इंजिनात मिश्रण जास्त दाबले जाते त्याला. जितका दाब अधिक तितके त्याच पेट्रोलमधून जास्त काम काढता येते, पण तितकाच अवेळी भडकण्याचा धोकाही वाढतो. म्हणून अशा इंजिनाला जास्त ऑक्टेनचे पेट्रोल द्यावे लागते. १९४० मध्ये इंग्लंडच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले आणि त्यांची चपळाई वाढली, हे युद्धाच्या इतिहासात नमूद आहे. पण नुसते टाकीत नवे पेट्रोल ओतून ते झाले नव्हते. त्यांच्या मर्लिन इंजिनात हवा कोंबण्याचा दाब चौरस इंचाला सुमारे ६ पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत नेण्याची मोकळीक दिली गेली, तेव्हा फरक पडला. इंजिन तेच ठेवले असते आणि दाबही तोच ठेवला असता, तर त्या महाग पेट्रोलने काहीच केले नसते. आपल्या साध्या मोटारीचे नेमके हेच होते.

आजकालच्या गाड्यांत संगणक असतो, तो पेट्रोल ओळखून घेतो, असे काही जण सांगतात. त्यात अर्धे सत्य आहे. बऱ्याच नव्या इंजिनांत नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवलेला असतो. टकटक जाणवली की संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यायोगे इंजिन वाचते, ताकद मात्र कमी होते. टकटक नसेल तर तो ठिणगी पुन्हा पुढे आणतो, पण कंपनीने आखून दिलेल्या हद्दीपर्यंतच. जी गाडी ९१ साठीच बांधलेली आहे तिची हद्द ९१ मध्येच गाठली जाते. वरचे चार आकडे तसेच वापराविना धुराड्यातून बाहेर पडतात.

अमेरिकेतील मोटारधारकांची 'ट्रिपल ए' ही मोठी संघटना आहे. तिने २०१६ साली साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम भरून चाचण्या घेतल्या. ताकद, अ‍ॅव्हरेज, धूर, कशातही नाव घेण्यासारखा फरक आढळला नाही. त्याच वेळी त्यांनी हिशेब मांडला की, अमेरिकेत एका वर्षात १ कोटी ६५ लाख वाहनचालकांनी गरज नसताना प्रीमियम भरले आणि २१० कोटी डॉलरहून अधिक पैसे वाया घालवले. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, त्याच संघटनेने ज्या गाड्यांना प्रीमियमची 'शिफारस' असते पण सक्ती नसते, अशा गाड्या तपासल्या. तिथे अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्के वाढले. शिफारस असलेल्या गाडीचे हे असे, तर शिफारस नसलेल्या गाडीकडून काय अपेक्षा करायची?

वहीतला हिशेब

व्यापारी माणसाला टक्केवारी लगेच समजते. समजा साधे पेट्रोल १०४ रुपयांना आहे आणि प्रीमियम ११२ ला. लिटरमागे ८ रुपये जास्त, म्हणजे पावणेआठ टक्के. हे ८ रुपये नुसते भरून निघायचे असतील तर गाडीने पावणेआठ टक्के जास्त धावले पाहिजे. पंधराचे अ‍ॅव्हरेज असेल तर सोळाच्या वर गेले पाहिजे. महिन्याला १२० लिटर पेट्रोल लागणाऱ्या धंद्याच्या गाडीचे वर्षाला ११,५२० रुपये होतात. कारखान्यात एका कारागिराचा निम्मा-अधिक पगार निघेल इतकी ही रक्कम आहे. आम्ही स्वतः दुरुस्तीनंतर टाकी गच्च भरून ती संपेपर्यंत, असा तीन-तीन टाक्यांचा हिशेब एकाच रस्त्यावर ठेवून पाहिला. फरक लिटरमागे शे-दीडशे मीटरचा निघाला, आणि तोही एका टाकीत इकडे तर दुसऱ्या टाकीत तिकडे. तेवढा फरक तर टायरातली हवा कमी-जास्त झाली तरी पडतो.

आपल्याकडे 'प्रीमियम' या शब्दाने आणखी एक घोळ घातला आहे. २००२ च्या सुमारास तेल कंपन्यांनी नवनव्या नावांनी पेट्रोल विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यातले बहुतेक साध्याच ऑक्टेनचे असे. त्यात इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवणारी औषधे मिसळलेली असत. पुढे ९५, ९७, ९९ असे खरोखरच जास्त ऑक्टेनचे माल आले. १ डिसेंबर २०२० रोजी इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे 'एक्सपी १००' आणले. दिल्लीत तेव्हा साधे पेट्रोल ८२-८३ रुपये होते आणि हे १६० रुपये! साफसफाईचे औषध आणि ऑक्टेन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. औषधाचा काही फायदा जरूर होतो, विशेषतः गर्दीत कमी वेगाने फिरणाऱ्या गाडीत, जिथे काजळी जास्त साठते. पण त्यासाठी वर्षभर प्रत्येक टाकी महागडी भरायची, हे रोजच्या जेवणाऐवजी जुलाबाचे औषध घेण्यासारखे आहे. शिवाय ज्या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारले जाते, त्यांत ते हवेच्या व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, मग धुणार कसे? ब्रँडेड पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्कही साध्यापेक्षा थोडे जास्त असते. म्हणजे आपल्या जास्तीच्या रुपयांतला काही हिस्सा इंजिनापर्यंत पोचण्याआधीच सरकारात जमा होतो.

त्यात आता आणखी एक बदल झाला आहे, आणि तो फार थोड्या लोकांच्या लक्षात आला आहे. आपल्या देशात एकेकाळी साधे पेट्रोल ८८ ऑक्टेनचे असे, नंतर ते ९१ झाले. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. वर सांगितल्याप्रमाणे इथेनॉलचा ऑक्टेन मोठा असल्याने साध्या पेट्रोलचा आकडाही त्याबरोबर चढला. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात तो ९५ असल्याचे म्हटले आहे. मग जो माल '९५' म्हणून जादा दराने विकला जातो, त्यात ऑक्टेनच्या नावाखाली विकत घ्यायला उरले काय? इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज काहीसे घटले, ही तक्रार खरी आहे. परंतु त्यावर इलाज म्हणून जे ९५ वाले भरतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्यातही इथेनॉल मिसळलेलेच असते.

'गरम' पेट्रोलची अफवा

आता दुसऱ्या मताकडे वळू. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल साधे इंजिन जाळते का? नाही. ते जास्त गरम जळत नाही. ते हळू जळते आणि व्हॉल्व्ह उघडल्यावरही पेटलेले राहते, असेही सांगितले जाते. तेही खरे नाही. ऑक्टेन म्हणजे आपोआप भडकण्याला विरोध. ज्योत पसरण्याच्या वेगाशी त्याचा तसा संबंध नाही. चुकून एखादी टाकी भारी पेट्रोलची भरली गेली, तर गाडी खराब होण्याची काडीमात्र भीती बाळगू नये. पैसे गेले एवढेच.

ही अफवा बहुधा शिशाच्या जमान्यातून आली असावी. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली याने डिसेंबर १९२१ मध्ये शोधले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग अगदी थोडे मिसळले तर टकटक थांबते. ते विषारी होते. १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात ते तयार करताना पाच कामगार मरण पावले. तरीही पुढची पाऊणशे वर्षे जगभर भारी ऑक्टेन म्हणजे शिसे असाच प्रकार चालला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. जगात सर्वांत शेवटी, जुलै २०२१ मध्ये, अल्जीरियाने ते थांबवले. आज पंपावर मिळणाऱ्या कोणत्याही पेट्रोलात ते विष नाही.

पण याचा अर्थ नुकसान कधीच होत नाही असा नव्हे. दुकानांत ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्यांपैकी काहींत लोखंडाची किंवा मँगनीजची संयुगे असतात. ती सतत वापरली तर प्लगवर तांबूस थर बसतो आणि ठिणगी कमजोर होते. बरे करायला गेलो आणि बिघडवून ठेवले, अशातली गत.

दुसरे नुकसान आमच्या बाबतीत झाले तेच. ज्या गाडीला साधे पेट्रोल वर्षानुवर्षे मानवले, ती एकाएकी टकटक करू लागली तर पेट्रोलचा नंबर बदलण्याआधी कारण शोधले पाहिजे. रेडिएटर तुंबलेला असेल. सिलिंडरच्या आत काजळी साठून दाब वाढला असेल. जुन्या गाडीत टायमिंग पुढे सरकले असेल. चुकीच्या नंबरचा प्लग बसवला असेल. यांपैकी कोणत्याही दुखण्यात भारी पेट्रोल आवाज कमी करते आणि दुखणे तसेच ठेवते. तापाच्या रोग्याला नुसती झोपेची गोळी द्यावी, तसे.

तिसरे कारण भेसळ. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फारच कमी असतो. ते मिसळले की चांगली गाडीही टकटक करू लागते. रेशनचे स्वस्त रॉकेल पेट्रोल-डिझेलात मिसळण्याचा धंदा आमच्या भागात किती खोलवर गेला होता, हे सांगायला नको. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे भेसळवाल्यांनी जिवंत जाळले. आम्हा मालेगावकरांना तो दिवस विसरता येत नाही. आपल्या तालुक्याच्या एका अधिकाऱ्याने ज्या गोष्टीसाठी जीव दिला, ती तपासायला पंपावर आपल्याला दोन मिनिटे लागतात आणि तीही आपण देत नाही. प्रत्येक पंपावर फिल्टर पेपर ठेवणे बंधनकारक आहे आणि तो मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नोझलचे तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकावा. दोन मिनिटांत तो उडून गेला आणि डाग राहिला नाही, तर माल ठीक. फिकट गुलाबी झाक राहिली तर तो पेट्रोलच्या रंगाचा भाग असतो. पण तेलकट डाग राहिला तर संशय घ्यावा. मापाची शंका असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापातून मोजून दाखवा, असेही सांगता येते. आम्ही एकदा एका पंपावर कागद मागितला तर आधी मालक नाहीत असे सांगण्यात आले, मग कपाटाची किल्ली सापडेना. आम्ही तिथेच गाडी बाजूला लावून उभे राहिलो. पंधरा मिनिटांनी कागद निघाला. पेट्रोल चांगले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

ज्यांनी भरावे ते

एवढे वाचून कोणी असे समजू नये की भारी पेट्रोल म्हणजे निव्वळ फसवणूक. ते ज्याच्यासाठी आहे त्याने भरलेच पाहिजे. आमचा एक भाचा सौदी अरबस्तानात आठ वर्षे काढून परत आला. येताच त्याने टर्बो इंजिनाची एक परदेशी बनावटीची जुनी मोटार विकत घेतली आणि आमचा वरचा सगळा तजुर्बा ऐकून ९५ भरणे बंद करतो म्हणाला. आम्ही त्याला आधी पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू पाहायला लावली. तिथे स्पष्ट लिहिले होते : किमान ९५.

"मामू, तिकडे आम्ही हिरव्या नळाचे ९१ भरायचो, काही होत नव्हते," तो म्हणाला.

"तिकडची गाडी कोणती होती?"

"साधी. कंपनीची."

सौदीत पंपावर ९१ चा नळ हिरवा आणि ९५ चा लाल असतो, हे तिकडे राहिलेल्या सर्वांना माहीत आहे. संयुक्त अरब अमिरातीत ९१, ९५ आणि ९८ असे तीन आकडे दिसतात. कोकणातील आमच्या वाचकांच्या घरोघरी कोणी ना कोणी आखातात असतो, म्हणून मुद्दाम सांगितले. तिकडचे आणि इकडचे आकडे एकाच पद्धतीचे आहेत, त्यामुळे थेट ताडून पाहता येतात. अमेरिकेतले नातलग मात्र आम्ही ८७ भरतो असे सांगतात, तेव्हा गोंधळू नये. तिथे दोन निरनिराळ्या परीक्षांची सरासरी लिहितात; त्यांचे ८७ हे आपल्या ९१ च्या आसपासच येते.

झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल त्यातले शब्द नीट वाचावेत. 'किमान' लिहिले असेल तर तो आकडा सक्तीचा. त्याखाली गेल्यास टर्बो इंजिनात पिस्टनला इजा होऊ शकते, आणि सेन्सर असला तरी ताकद नक्की घटते. 'शिफारस' लिहिले असेल तर खालच्या आकड्यावर गाडी चालते, थोडी मंद चालते, आणि घाटात माल भरून जाणाऱ्याने वरचा आकडा भरलेला बरा. नुसतेच '९१' किंवा 'बिनशिशाचे पेट्रोल' लिहिले असेल तर साधे भरून निर्धास्त राहावे. शंभर सीसीच्या आसपासच्या मोटारसायकली आणि स्कूटर, ज्या आपल्या बहुतेक कारागीर बांधवांकडे असतात, त्या जवळपास सगळ्या याच शेवटच्या वर्गात मोडतात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची इंजिने तर आजच्या मानाने इतक्या कमी दाबाची होती की, त्यांना ९५ पाजणे म्हणजे निव्वळ फुजूलखर्ची ठरली असती.

भाच्याने आता ९५ पुन्हा सुरू केले आहे. आमच्या व्हॅनला साधेच मिळते. नवा रेडिएटर बसवल्यापासून त्यात कूलंट आहे, आणि दर जुम्मेरातला ड्रायव्हरने त्याची पातळी पाहून वहीत सही करायची असा नियम घातला आहे. कसाऱ्याचा घाट ती माल भरून चढते तेव्हा आम्ही अजूनही काच खाली करून आवाज ऐकतो. गेल्या महिन्यात पंपावरच्या पोऱ्याने नेहमीप्रमाणे विचारले, "प्रीमियम टाकू ना, शेठ?" आणि आम्ही नाही म्हणेपर्यंत त्याने नळ उचललाही होता. हल्ली आम्ही गाडीतून उतरून, नळाशी उभे राहून, आधी शून्य पाहतो आणि मगच भरायला सांगतो.